रिपोर्टवर 'आर' असलेलं औषध का देतात, आणि दोनाला तिसरं जोडावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, व्हेंटिलेटरवर ११वा दिवस. मधल्या काळात पुन्हा ताप आला, ऑक्सिजन वाढवावा लागला. श्वासनलिकेतल्या नळीतून ओढलेल्या स्रावाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू वाढला. रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत 'आर'ची (रेझिस्टंट, म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही) रांग, फक्त कोलिस्टीनपुढे 'आय' (इंटरमीजिएट, म्हणजे मधलं). डॉक्टरांनी कोलिस्टीन आणि मेरोपेनेम अशी दोन औषधं सुरू केली आहेत. मुलगा विचारतोय: मेरोपेनेमपुढे स्पष्ट 'आर' लिहिलेलं असताना ते का चालू आहे? क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा) १.१ वरून २.३ झालंय, ते या औषधांमुळे का? आणि नात्यातले एक केमिस्ट म्हणतात की अशा वेळी टायजेसायक्लिनही जोडतात, तर डॉक्टरांना तसं सुचवावं का?

मी आयसीयूत काम करते, जवळजवळ वीस वर्षं झाली. हा प्रश्न कधी नातेवाईक विचारतात, कधी नवा निवासी डॉक्टर विचारतो, आणि खरं सांगायचं तर कधी रात्री मी स्वतःलाच विचारते. आधी एक सांगून टाकते. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, एक्स-रे पाहिलेला नाही, रक्तदाब टिकवण्यासाठी काय आणि किती चालू आहे ते मला माहीत नाही. त्यामुळे 'हे बंद करा, ते सुरू करा' असं मी सांगणार नाही, आणि कुणी लांबून सांगितलं तर ऐकूही नका. पण तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललं असेल, त्यातलं किती पुराव्यावर उभं आहे आणि किती सवयीवर, एवढं मात्र सांगता येईल.

तुम्ही विचारताय ते वरवर 'एक, दोन की तीन' असं आहे. हा हिशोब फसवा असतो. स्टँडला किती बाटल्या लटकल्यात याच्याशी जंतूला काही देणंघेणं नसतं. त्यातली किती औषधं या जंतूवर, शरीरातल्या या जागी, या मात्रेत लागू पडतात तेवढीच मोजायची. बाटल्या दोन आणि लागू पडणारं औषध एक, असं असेल तर तो एकाच औषधाचा उपचार झाला. दुष्परिणाम मात्र दोघांचे.

औषधांकडे वळण्याआधी एक पायरी आहे आणि ती हमखास गाळली जाते. नळीतल्या स्रावात ॲसिनेटोबॅक्टर सापडला म्हणजे तोच आजार घडवतोय असं नाही. हा जंतू आयसीयूत मुक्कामालाच असतो. पलंगाच्या कठड्यावर, मॉनिटरच्या वायरींवर तो कोरड्यातसुद्धा दिवसेंदिवस तगून राहतो. दहा दिवस नळी असलेल्या रुग्णाच्या घशात, नळीत तो नुसता वस्तीला आलेला असू शकतो. एक्स-रेवर नवा डाग, वाढलेला आणि दाट झालेला स्राव, वाढती ऑक्सिजनची गरज, पांढऱ्या पेशी, ताप हे सगळं जुळून आलं तर न्यूमोनिया म्हणायचं. तुमच्या वर्णनावरून ताप आणि ऑक्सिजन दोन्ही जुळतंय, म्हणून उपचार सुरू झाले हे योग्यच वाटतं. तरी 'हा संसर्ग आहे की नुसती वस्ती' असं डॉक्टरांना जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता दोन औषधं का देतात ते. कारणं तीन आहेत, तिन्ही वेगळी, आणि आम्ही डॉक्टरसुद्धा त्यांची सरमिसळ करतो.

पहिलं कारण अगदी साधं: रिपोर्ट यायचा असतो. रुग्ण शॉकमध्ये आहे, रक्तदाब कोसळतोय, कल्चरचा निकाल यायला ४८ ते ७२ तास लागणार. तोवर अंदाजानेच औषध द्यायचं. अंदाज चुकला आणि पहिले दोन दिवस लागू न पडणारं औषध गेलं तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून दोन वेगळ्या कुळांतली औषधं एकदम सुरू करायची, निदान एक तरी लागू पडावं म्हणून. हे जोडऔषध मी आजही बेधडक लिहिते. फक्त त्याची मुदत ठरलेली असते: रिपोर्ट आला की जे लागू नाही ते त्याच दिवशी बंद. गडबड होते ती इथेच. सुरू करायला सगळे शूर, बंद करायला कुणी धजावत नाही. 'बरं चाललंय ना, मग राहू दे' असं म्हणत औषध चौदा दिवस चालतं.

दुसरं कारण म्हणजे दोन औषधांनी एकमेकांना बळ देणं. कोलिस्टीन जंतूच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतं. त्या भोकांतून मेरोपेनेम आत शिरेल, एकट्याने जे जमत नाही ते दोघांना जमेल, असा विचार. काचेच्या नळीत हे खरोखर दिसतं. प्रयोगशाळेत दोन औषधं वेगवेगळ्या प्रमाणात चौकटीचौकटीत मिसळून पाहतात. कितीतरी चौकटींत जंतू वाढत नाहीत. आणि माणसातही असं बळ मिळाल्याची पक्की उदाहरणं आहेत. एन्टेरोकॉकस हा जंतू हृदयाच्या झडपेवर बसला तर एकट्या पेनिसिलीनने तो दबतो, मरत नाही. जोडीला जेंटामायसिनसारखं औषध दिलं की मरतो. पण न्यूमोनियाने भरलेलं फुप्फुस म्हणजे काचेची नळी नव्हे. नळीत दोन्ही औषधांची मात्रा आपण ठरवतो आणि ती तासन्‌तास तेवढीच राहते. शरीरात एक औषध फुप्फुसात जेमतेम पोचतं, दुसरं किडनीवाटे बाहेर पडत असतं, आणि जंतू पूच्या गाळात दडलेला असतो.

तिसरं कारण क्षयरोगाकडून आलं आहे. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनची पहिली शिस्तशीर चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हाच दिसलं होतं की रुग्ण सुरुवातीला सुधारतात आणि पुढे कित्येकांचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. दुसरं औषध जोडल्यावर हे थांबलं. यामागचं गणित सरळ आहे: एका औषधातून निसटणारा जंतू कोट्यवधींत एखादा असेल, तर दोन्हींतून एकाच वेळी निसटणारा जवळजवळ नसतोच. पण हे गणित एका अटीवर टिकतं, दोन्ही औषधं मुळात लागू असली पाहिजेत. मेरोपेनेमला आधीच न जुमानणाऱ्या जंतूपुढे मेरोपेनेम ठेवून कोलिस्टीनचा बचाव कसा होणार? ज्या पहारेकऱ्याला चोर जुमानतच नाही त्याला दारावर बसवण्यासारखं आहे ते.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येते.

कोलिस्टीन अधिक मेरोपेनेम ही जोडी मी स्वतः अनेक वर्षं लिहिली. का, तर सगळे लिहीत होते. आणि जे वाचले ते लक्षात राहिले. जे गेले ते 'फारच आजारी होते' या खात्यात जमा झाले. निरीक्षणावर आधारलेले अभ्यास जोडऔषधाच्या बाजूने बोलत होते, विशेषतः अतिगंभीर रुग्णांत. मग २०१८ मध्ये 'आयडा' या चाचणीचा निकाल आला. इस्राएल, ग्रीस आणि इटलीतले ४०६ रुग्ण, त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त ॲसिनेटोबॅक्टरचे, म्हणजे हुबेहूब तुमच्या वडिलांसारखे. चिठ्ठी टाकून अर्ध्यांना एकटं कोलिस्टीन, अर्ध्यांना कोलिस्टीन आणि मेरोपेनेम; मेरोपेनेमही कंजुषीने नव्हे, २ ग्रॅम दर ८ तासांनी, सावकाश. चौदाव्या दिवशी उपचार अयशस्वी ठरले ते एकट्या कोलिस्टीनमध्ये ७९ टक्के, जोडीत ७३ टक्के. २८ दिवसांतले मृत्यू ४३ आणि ४५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. पुढे 'ओव्हरकम' नावाच्या चाचणीत चारशेहून जास्त रुग्णांत हाच प्रश्न पुन्हा तपासला. मृत्यू ४३ विरुद्ध ३७ टक्के. जोडीच्या बाजूने कल दिसतो खरा, पण तो निव्वळ योगायोगही असू शकतो इतकाच. त्याआधी २०१३ मध्ये इटलीत कोलिस्टीनला रिफॅम्पिसिन जोडून पाहिलं होतं. तिथली गंमत जास्त बोलकी आहे: जोडी मिळालेल्यांच्या नमुन्यांतून जंतू जास्त वेळा नाहीसा झाला, पण ३० दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, ४३ टक्क्यांच्या आसपास. रिपोर्ट स्वच्छ झाला, माणूस वाचण्याची शक्यता मात्र तेवढीच राहिली.

हे आकडे वाचून मी लगेच बदलले असं नाही. वर्षभर तरी कुरकुरत तीच जोडी लिहीत होते. बदलले ते प्रत्येक वेळी लिहिताना 'हे दुसरं औषध नक्की काय करणार आहे' याचं उत्तर कागदावर लिहायची सवय लावून घेतली तेव्हा. कित्येकदा ती ओळ कोरीच राहायची.

तरीसुद्धा तुमच्या डॉक्टरांना लगेच चूक ठरवू नका, कारण 'आर' ही एकच गोष्ट नसते. प्रयोगशाळा एक आकडा काढते, एमआयसी: औषधाची किमान किती मात्रा असली की जंतू वाढायचा थांबतो. एक ठरलेली रेषा असते, आकडा त्या रेषेवर गेला की 'आर'. मेरोपेनेमची एमआयसी ८ आली तरी रिपोर्टवर 'आर' छापतात आणि ६४ च्या वर गेली तरी तेच अक्षर. पण ८ असेल तर २ ग्रॅमचा डोस तीन तासांवर सावकाश सोडून रक्तातली मात्रा तिथवर नेता येते, आणि मग ते औषध अर्धंमुर्धं का होईना लागू पडतं. ६४ असेल तर कितीही ओता, पोचत नाही. म्हणून नुसतं अक्षर पाहू नका, आकडा विचारा. दुसरी शक्यता अशी की मेरोपेनेम ॲसिनेटोबॅक्टरसाठी नाहीच. रक्तात किंवा लघवीत दुसरा एखादा जंतू सापडला असेल आणि त्याच्यासाठी ते चालू असेल. नातेवाईकांच्या हातात बहुधा एकच रिपोर्ट पडतो, फाइलमध्ये चार असतात.

कोलिस्टीनपुढच्या 'आय'नेही तुम्हाला घाबरवलं असेल. तो तुमच्या वडिलांच्या जंतूचा खास अवगुण नाही. २०२० पासून अमेरिकेतल्या ज्या संस्थेचे निकष कितीतरी प्रयोगशाळा वापरतात तिने कोलिस्टीनसाठी 'एस' (औषध लागू) हा शेराच काढून टाकला. एमआयसी २ किंवा कमी असली तरी 'आय', त्यावर 'आर'. कारण औषध म्हणूनच ते भरवशाचं नाही, हे त्यांना रिपोर्टच्या कागदावरच सांगायचं होतं. शिवाय कोलिस्टीनची चाचणी नेहमीच्या चकतीच्या पद्धतीने (जंतू पसरलेल्या प्लेटवर औषध मुरवलेली कागदी चकती ठेवून) केली तर खोटा निकाल येतो, कारण हा मोठा रेणू जेलीसारख्या माध्यमात नीट पसरतच नाही. द्रव माध्यमात क्रमाने पातळ करत नेलेल्या मात्रांमध्येच ती करावी लागते. चाचणी कोणत्या पद्धतीने केली, हे विचारण्यासारखं आहे.

आणि डोस. कोलिस्टीनची मोठी गोची इथे आहे. जे इंजेक्शन टोचतात ते खरं औषध नसतं, त्याचं निष्क्रिय रूप असतं. शरीरात त्याचं हळूहळू कोलिस्टीन होतं, आणि किडनी चांगली असेल तर बरंचसं तसं होण्याआधीच लघवीतून निघून जातं. म्हणून पहिला डोस मोठा, साधारण ९० लाख युनिटचा, द्यावा लागतो. तो दिला नाही तर पुरेशी मात्रा साठायला दोन-तीन दिवस जातात. 'किडनी बिघडलीय, पहिला डोस कमी करू' असं वाटणं साहजिक आहे, पण पहिला डोस किडनीकडे बघून कमी करायचा नसतो. नंतरचे करायचे असतात. मी सल्ल्यासाठी बोलावली जाते तेव्हा औषधांची यादी बघण्याआधी पहिल्या दिवसाचा औषधांचा तक्ता मागून घेते. अर्ध्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

क्रिएटिनिन १.१ वरून २.३: हो, कोलिस्टीनने हे होतं, आणि बऱ्याच रुग्णांत होतं. याच कारणाने १९७० च्या दशकात ते जवळपास अडगळीत गेलं होतं; दुसरं काही उरलं नाही म्हणून पुन्हा काढलं. पण सेप्सिसने (संसर्गाचा सगळ्या शरीरावर झालेला परिणाम), पडलेल्या रक्तदाबाने, सीटी स्कॅनच्या डायने, सोबतच्या इतर औषधांनीही किडनी बिघडते. तेव्हा सगळा दोष एकट्या कोलिस्टीनच्या माथी मारू नका. 'आयडा'मध्ये एक विचित्र गोष्ट दिसली होती: किडनीची सौम्य इजा जोडी घेतलेल्यांत उलट कमी होती, जुलाब मात्र जास्त. एकूण, मेरोपेनेम किडनीचं फारसं वाईट करत नाहीये. किडनीचा प्रश्न कोलिस्टीनच्या नंतरच्या डोसचा आहे, आणि त्याला पर्याय आहे का याचा.

पर्याय आहे का? हा प्रश्न तिसऱ्या औषधापेक्षा जास्त मोलाचा आहे. सल्बॅक्टम नावाचा रेणू आपण पेनिसिलीनचा मदतनीस म्हणून ओळखतो, पण ॲसिनेटोबॅक्टरला तो स्वतः मारतो. या जंतूने सल्बॅक्टम तोडणारी एन्झाइम कमावली, म्हणून त्याला ड्युरलोबॅक्टम हा संरक्षक जोडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अटॅक' चाचणीत सल्बॅक्टम-ड्युरलोबॅक्टम विरुद्ध कोलिस्टीन अशी तुलना झाली, दोन्हीकडे सोबत इमिपेनेम (मेरोपेनेमच्याच कुळातलं औषध) होतं. २८ दिवसांतले मृत्यू १९ विरुद्ध ३२ टक्के, किडनीची इजा १३ विरुद्ध ३८ टक्के. ही औषधजोडी सगळीकडे मिळत नाही. जिथे मिळत नाही तिथे अँपिसिलिन-सल्बॅक्टम मोठ्या मात्रेत, दिवसाला सल्बॅक्टमचे ९ ग्रॅम होतील अशा हिशोबाने, दुसऱ्या एखाद्या औषधासोबत देण्याची पद्धत आहे. रिपोर्टवर त्यापुढे 'आर' असलं तरीही कधी कधी, वर सांगितलेल्या एमआयसीच्याच कारणाने. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना टायजेसायक्लिनपेक्षा मी सल्बॅक्टमबद्दल विचारेन.

जोडऔषध खरोखर कधी काम करतं ते मी डोळ्यांनी पाहिलं, ते सांगते. जंतू दुसरा होता, क्लेबसिएला, एनडीएम एन्झाइम असलेला. हे एन्झाइम मेरोपेनेमसकट पेनिसिलीनच्या गोतावळ्यातली जवळजवळ सगळी औषधं तोडतं, फक्त ॲझ्ट्रिओनाम त्याला तोडता येत नाही. मग एकटं ॲझ्ट्रिओनाम का देत नाहीत? कारण अशा जंतूकडे एनडीएमसोबत आणखी दोन-तीन एन्झाइम असतात आणि ती ॲझ्ट्रिओनाम खाऊन टाकतात. ॲव्हिबॅक्टम या दुसऱ्या टोळीला गप्प करतं, पण एनडीएमपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणजे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या हातात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांनी मला खाली बोलावून प्लेट उजेडाकडे धरली. ॲझ्ट्रिओनामची चकती, दोन सेंटिमीटरवर सेफ्टाझिडाइम-ॲव्हिबॅक्टमची. दोन्ही चकत्यांच्या बाहेरच्या बाजूला जंतूंची दाट साय अगदी कडेला चिकटलेली. आणि दोघींच्या मध्ये, जिथे दोन्ही औषधं झिरपत येऊन एकमेकांना भेटतात, तिथे अंगठ्याएवढी जागा काचेसारखी स्वच्छ. एकेकटं शून्य, दोघं मिळून पूर्ण.

रक्तात असा जंतू असलेल्या १०२ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये आला: या जोडीवर ३० दिवसांतले मृत्यू १९ टक्के, इतर लागू पडणाऱ्या औषधांवर ४४ टक्के. चिठ्ठी टाकून केलेली चाचणी नव्हे ही, तरी फरक मोठा आहे आणि कारण स्पष्ट आहे. इथे सेफ्टाझिडाइम जवळजवळ फुकटचा प्रवासी. ॲव्हिबॅक्टम सुटं मिळत नव्हतं म्हणून त्याच्यासकट घ्यावं लागायचं. आता ॲझ्ट्रिओनाम-ॲव्हिबॅक्टम एकाच बाटलीत तयार झालं आहे, युरोपात २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तुमच्या वडिलांच्या ॲसिनेटोबॅक्टरवर यातलं काहीच चालत नाही, हे मुद्दाम सांगते; नाहीतर उद्या कुणीतरी हेही सुचवेल.

त्या रुग्णाच्या बाबतीत आमचं काय चुकलं तेही सांगायला हवं. औषधं बरोबर लिहिली होती. पहाटे दोनच्या राउंडला गेले तर स्टँडवर एकच बाटली. दुसरी रात्री दहालाच संपली होती. तक्त्यात दोन औषधं दोन वेगळ्या ओळींवर, म्हणून दोन वेगळ्या वेळा पडल्या. ज्या जोडीचा अर्थच 'दोघं एकाच वेळी रक्तात हवीत' असा, ती आम्ही पाळीपाळीने देत होतो. नर्सचा दोष नव्हता, मी वेळ लिहिली नव्हती. तेव्हापासून मी एकाच ओळीत लिहिते: दोन्ही एकत्र, तीन तासांवर.

आता टायजेसायक्लिन. हे औषध ऊतींमध्ये पसरतं, रक्तात मात्र त्याची मात्रा फार कमी राहते, त्यामुळे रक्तात जंतू असेल तर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाच्या चाचणीत नेहमीच्या मात्रेत ते तुलनेच्या औषधापेक्षा मागे पडलं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं म्हणून त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दुप्पट मात्रेत, दुसरं काही उरलेलं नसताना, मीही ते वापरते. तुमचे केमिस्ट नातेवाईक पूर्ण चूक नाहीत. पण 'जोडून टाका, नुकसान तर नाही ना' हे वाक्य मला मान्य नाही, कारण नुकसान असतं.

स्टॅफिलोकॉकसच्या हट्टी जातीवर व्हॅन्कोमायसिनला एक साधं पेनिसिलीनच्या कुळातलं औषध जोडावं, असा फार तर्कशुद्ध विचार होता. २०२० मध्ये 'कॅमेरा-२' चाचणीचा निकाल आला, ३५२ रुग्ण. रक्तातला जंतू लवकर गेला, पण किडनीची इजा ६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. वाचणाऱ्यांची संख्या वाढली नाही. आणि जुनं उदाहरण, १९५१ सालचं: न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात पेनिसिलीनसोबत टेट्रासायक्लिनच्या कुळातलं औषध दिलेल्या १४ पैकी ११ जण गेले, एकट्या पेनिसिलीनवर मृत्यू याहून कितीतरी कमी. पेनिसिलीन वाढणाऱ्या जंतूलाच मारतं; दुसऱ्याने वाढच रोखून धरली तर पेनिसिलीनला काम उरत नाही.

माझ्या पदरातलं एक. फॉस्फोमायसिन शिरेतून तिसरं औषध म्हणून जोडलं, दिवसाला २४ ग्रॅम. तिसऱ्या दिवशी रुग्णाचं सोडियम १५६, पाय सुजलेले, पोटॅशियम खाली. सकाळी कॅलक्युलेटर घेऊन बसले: या औषधाच्या दर ग्रॅममध्ये सोडियम असतं, २४ ग्रॅममध्ये ते जवळपास ८ ग्रॅम होतं. आम्ही सलाईन मोजत होतो, औषध मोजत नव्हतो.

आणखी एक, जे औषधाच्या यादीत येतच नाही. एका बाईंच्या बाबतीत तिसरं औषध कोणतं यावर आमची दोन दिवस चर्चा चालली होती. ताप हटत नव्हता. शेवटी सीटी काढला तर फुप्फुसाभोवती पू साठलेला. नळी घातली, सहाशे मिलिलिटर दाट पिवळा पू निघाला, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. औषध तेच होतं. पूच्या पोकळीत औषध पोचत नाही आणि पोचलं तरी चालत नाही. ताप राहिला तर चौथ्या बाटलीआधी छातीची सोनोग्राफी, जुन्या सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्या), लघवीची नळी, पोट हे सगळं एकदा पाहून व्हायला हवं.

तुम्ही उद्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा राउंड संपल्यावर पाच मिनिटं मागा, घाईत दारात अडवू नका. मेरोपेनेमची एमआयसी नेमकी किती आहे ते विचारा. आणि ती फार वर असेल तर ते कुणासाठी चालू आहे तेही. कोलिस्टीनचा पहिला डोस किती दिला आणि आता किडनीनुसार किती चाललाय. सल्बॅक्टमवर आधारलेलं काही देता येईल का. पू साठला आहे का ते पाहिलं आहे का. आणि कोणत्या दिवशी पुन्हा हिशोब करून काय बंद करणार, त्याची तारीख. चांगला प्रतिसाद असेल तर अशा न्यूमोनियाला बहुधा सात दिवस पुरतात, पण ते वडिलांकडे बघूनच ठरेल. तिसऱ्या औषधाचा विषय या उत्तरांनंतर काढा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर '६४ च्या वर' असं आलं, तर तुमच्यापुढचा प्रश्न तिसरं औषध जोडण्याचा नसून दुसरं बदलण्याचा आहे.